ग्राहकांचा डेटा बाहेर प्रक्रियेला देताना: छोट्या इंटरनेट सेवादारांसाठी कामाचा क्रम

सांगली-मिरज-कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांतील छोट्या इंटरनेट सेवादारांकडे ग्राहक दोन-चार हजारांवर गेले की ग्राहक अर्जांची नोंद, महिन्याचा वापर-हिशेब, बिले आणि लॉगची साठवण हे सगळे कार्यालयातील एक-दोन माणसांना झेपेनासे होते, आणि हे काम बाहेरच्या एजन्सीला दिले जाते. देण्याला हरकत काहीच नाही. चुकतो तो क्रम. बहुतेक ठिकाणी आधी दर ठरतो, दुसऱ्या दिवशी सर्व्हरचा अख्खा डंप पेनड्राइव्हवर जातो, पंधरा दिवसांनी नेमके काय हवे होते यावरून वाद होतो आणि करार झालाच तर सर्वांत शेवटी होतो. खाली दिलेला क्रम याच्या जवळजवळ उलट आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग एजन्सीला पहिला फोन करण्याआधी आपल्याच कार्यालयात उरकायचा आहे.

## १. डेटा कोणाच्या परवान्याखालचा आहे, हे कागदावर पाहावे

आपल्याकडे ज्यांना सरसकट 'ऑपरेटर' म्हटले जाते, त्यांपैकी काहींकडे स्वतःचा परवाना असतो, बहुधा एका दुय्यम स्विचिंग क्षेत्रापुरता, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यापुरता चालणारा क वर्गाचा. बाकीचे मोठ्या परवानाधारक कंपनीचे फ्रँचायझी असतात. फ्रँचायझीच्या कपाटात ग्राहकांचे अर्ज असले आणि वसुली तोच करत असला, तरी ग्राहक परवानाधारकाचे असतात, आणि त्या कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय ती माहिती तिसऱ्याकडे देणे हा फ्रँचायझी कराराचा भंग ठरू शकतो. म्हणून आधी तो करार काढून त्यातील गोपनीयतेचे कलम वाचावे आणि परवानगी ईमेलवर मागून घ्यावी. तोंडी 'चालतंय की' उपयोगाचे नाही.

ज्यांचा स्वतःचा परवाना आहे, त्यांनी दोन अटी समोर ठेवाव्यात. परवान्यानुसार ग्राहकांच्या हिशेबाची व वापरकर्त्यांची माहिती भारताबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे एजन्सी सांगलीत असली आणि तिचा क्लाउड सर्व्हर सिंगापूरला असला, तरी अडचण आपलीच. दुसरी अट जतनाची. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनंतर इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात, आणि ते काम एजन्सीकडे सोपवले म्हणून जबाबदारी तिच्याकडे जात नाही.

तेच तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही आहे. प्रक्रिया करणाऱ्याला वैध करारानेच नेमता येते, आणि तो चुकला तरी ग्राहकापुढे उत्तर द्यावे लागते ते ज्याने डेटा गोळा केला त्याला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. मात्र आज होणारा दोन-तीन वर्षांचा करार त्या तारखेच्या पलीकडे जाणारच आहे, तेव्हा तो आजच त्या मापाने लिहावा.

तपासणी: परवाना किंवा फ्रँचायझी करार, लेखी परवानगी आणि ग्राहक अर्जावर छापलेले संमतीचे वाक्य, हे तीन कागद एका फाइलमध्ये आल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## २. कामाचे तुकडे पाडावेत आणि बाहेर न जाणारे तुकडे आधी बाजूला काढावेत

'डेटाचे काम' असे एकच काम नसते. ग्राहक अर्जांची संगणकीय नोंद, रेडियस सर्व्हरच्या (ग्राहकांचे लॉगिन आणि वापर नोंदवणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदींवरून वापराचा हिशेब, बिले काढणे, थकबाकीची यादी, सीजीनॅटच्या (एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगची साठवण, तक्रारींचे वर्गीकरण ही सगळी वेगवेगळी कामे असून प्रत्येकाला लागणारी माहितीही वेगळी असते. प्रत्येकासाठी एक ओळ लिहून काम काय, माहिती कोणती आणि किती दिवसांनी ती लागते एवढेच नोंदवावे.

काही गोष्टी बाहेर देऊच नयेत. पोलिसांकडून किंवा अन्य अधिकृत यंत्रणेकडून येणाऱ्या चौकशीला उत्तर देणे, ग्राहकाचे कनेक्शन बंद-चालू करण्याचा अधिकार आणि रेडियस किंवा राउटरचे प्रशासकीय पासवर्ड आपल्याकडेच राहावेत. 'आम्हाला थेट लॉगिन द्या, तुम्हाला फाइल पाठवायचा त्रास नको' असे एजन्सी आपलेपणाने म्हणते आणि घाईत ते पटतेही. पण थेट लॉगिन दिले की कोणी काय पाहिले आणि काय बदलले, याचा माग आपल्या हाती राहत नाही.

## ३. रकाने छाटावेत

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून सर्रास गाळली जाते. वापराचा हिशेब करणाऱ्याला ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता यांतले काहीही लागत नाही. ग्राहक क्रमांक, सेशनची (एका सलग जोडणीची) सुरुवात, शेवट आणि बाइटचे आकडे पुरतात. तरीही संपूर्ण टेबल जाते, कारण 'सिलेक्ट ऑल' करणे सोपे असते.

प्रत्येक रकान्यापुढे 'हा नसेल तर काम अडेल का?' असा प्रश्न लिहावा आणि उत्तर 'नाही' असेल तर तो रकाना काढावा. वापराच्या हिशेबासाठी खरा ग्राहक क्रमांकही न देता वेगळा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि दोहोंची जोडणी दाखवणारी यादी आपल्याच संगणकावर ठेवावी. अर्जांच्या नोंदीसाठी स्कॅन द्यावेच लागतात. तेथे आधार कार्डाच्या प्रतीवरील पहिले आठ अंक झाकून शेवटचे चारच दिसतील अशी प्रत तयार करावी. झाकणे म्हणजे पीडीएफवर काळी पट्टी ठेवणे नव्हे, कारण अशी पट्टी नुसत्या माउसने बाजूला सरकवता येते. पट्टीसह पान नव्याने चित्र म्हणून साठवावे आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी.

येथेच आणखी एक छोटी युक्ती करावी. पाठवायच्या यादीत चार-पाच खुणेच्या नोंदी घालाव्यात, म्हणजे प्रत्यक्षात नसलेले ग्राहक, ज्यांच्यापुढे आपल्याच जवळच्या, कोठेही न वापरलेल्या सिमचे क्रमांक असतील. त्या क्रमांकांवर कर्जाचे किंवा प्लॉटचे फोन येऊ लागले तर यादी कोठून फुटली हे शोधत बसावे लागत नाही. या नोंदी बिलांतून वगळण्याची आठवण मात्र आपल्याच कागदावर ठेवावी.

## ४. कामाचे वर्णनपत्र लिहावे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पुढचे बहुतेक वाद येथे न लिहिलेल्या वाक्यांतून निघतात. एजन्सीची माणसे डेटा-एंट्रीत तरबेज असतात, पण नेटवर्कच्या नोंदी कशा तयार होतात हे त्यांना माहीत असेलच असे नाही, आणि ते सांगणे हे आपले काम आहे.

### वापराच्या नोंदी

रेडियस सर्व्हरकडे प्रत्येक सेशनच्या तीन प्रकारच्या नोंदी येतात: सुरुवात, मधली (इंटरिम) आणि शेवट. मधल्या नोंदीतील आकडा हा सेशन सुरू झाल्यापासूनचा एकूण आकडा असतो. मागच्या नोंदीनंतरचा वाढीव आकडा तो नसतो. म्हणून एका सेशनच्या सर्व नोंदींची बेरीज करायची नसते, शेवटची तेवढी घ्यायची असते.

हे न लिहिल्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. आमच्या कार्यालयाने काम बाहेर दिल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात विश्रामबागेतील एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला की त्यांचे नेट गोगलगायीसारखे चालते आहे. पोर्टलवर पाहिले तर त्यांच्या नावावर चार हजार जीबीहून अधिक वापर पडलेला आणि त्यामुळे वेग उतरलेला. "साहेब, मी संध्याकाळी नातवाशी बोलतो आणि बातम्या बघतो, चार हजार कुठले?" एवढेच ते शांतपणे म्हणाले. त्यांचा खरा वापर साठेक जीबी होता. एजन्सीने मधल्या नोंदींचीही बेरीज केली होती. दर १० मिनिटांना एक नोंद धरली तर दिवसभराच्या सेशनमध्ये १४४ नोंदी होतात, आणि वापर एकसारखा वाढत गेला तर त्यांची बेरीज खऱ्या वापराच्या सुमारे ७२ पट येते. चूक बेरीज करणाऱ्याची दिसते, पण आमच्या वर्णनपत्रात 'महिन्याचा एकूण वापर काढणे' एवढेच चार शब्द होते.

वापराबाबत पुढील गोष्टी वर्णनपत्रात शब्दांत आणि उदाहरणासह असाव्यात.

बाइट मोजणारा आकडा ३२ बिटांचा असतो, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो शून्यावर येऊन पुन्हा मोजू लागतो. किती वेळा शून्यावर आला हे 'गिगावर्ड्स' नावाच्या वेगळ्या रकान्यात असते. तो रकाना पाठवलाच नाही, किंवा पाठवूनही एजन्सीने सोडला, तर जास्त वापरणारा ग्राहक कमी वापरणारा दिसतो. उदाहरण असे द्यावे: गिगावर्ड्स ७ आणि ऑक्टेट्स (बाइटच्या आकड्याचा रकाना) १,५०,००,००,००० असतील तर एकूण बाइट ३१,५६,४७,७१,०७२ आले पाहिजेत. हा आकडा जीबीमध्ये बदलताना भागाकार हजाराच्या हिशेबाने करायचा की १०२४ च्या, हेही लिहावे. दोन्हींत सात टक्क्यांहून अधिक फरक पडतो, आणि मर्यादेच्या काठावरचे ग्राहक नेमके त्यात सापडतात.

'इनपुट' आणि 'आउटपुट' हे शब्द राउटरच्या बाजूने आहेत. ग्राहकाकडून राउटरकडे आलेले ते इनपुट, म्हणजे ग्राहकाचे अपलोड. आउटपुट म्हणजे ग्राहकाचे डाउनलोड. नवख्या माणसाकडून हे हमखास उलटे होते. सर्व ग्राहकांचे मिळून डाउनलोड हे अपलोडच्या कित्येक पट असते, तेव्हा एजन्सीच्या अहवालात उलटे चित्र दिसले की दुसरे काही तपासण्याची गरज नाही.

राउटरची वीज गेली किंवा तो पुन्हा सुरू झाला तर सेशनच्या शेवटाची नोंद येतच नाही. अशा वेळी शेवटची मधली नोंद हाच शेवट धरावा, शून्य धरू नये. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर सेशनचे आयडी पुन्हा वापरले जाऊ शकतात, म्हणून आयडी, वापरकर्तानाव आणि सुरुवातीची वेळ अशी तिन्हींची जोडी धरूनच सेशन ओळखावे. या नोंदी यूडीपीवरून (पोचण्याची हमी न देणाऱ्या पद्धतीने) येत असल्याने उत्तर न मिळाल्यास राउटर तीच नोंद पुन्हा पाठवतो. दुबार नोंदी वगळण्याचा नियमही याच जोडीवर बसवावा.

### वेळ

राउटरचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवलेले असेल आणि एजन्सीने तारखेनुसार गट पाडले, तर भारतातील १ तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंतचा वापर आदल्या महिन्यात जमा होतो. प्रत्येक वेळेसोबत ती भारतीय आहे की जागतिक हे लिहावे. सर्व उपकरणांची घड्याळे एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीवर) जुळवून घेणे ही आपली पूर्वतयारी आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही ती अपेक्षा आहे. महिना बदलतानाची मध्यरात्र ओलांडणाऱ्या सेशनचा वापर दोन महिन्यांत कसा वाटायचा, हेही ठरवून टाकावे. मध्यरात्रीपूर्वीच्या शेवटच्या मधल्या नोंदीपर्यंतचा वापर जुन्या महिन्यात आणि उरलेला नव्या महिन्यात, ही पद्धत सोपी आहे आणि ग्राहकाला समजावताही येते.

सीजीनॅटच्या लॉगची साठवण बाहेर देणाऱ्यांनी वेळेबाबत आणखी काटेकोर राहावे. एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरत असल्याने सार्वजनिक पत्ता, पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ या तिन्हींशिवाय नेमका ग्राहक ओळखता येत नाही. जागा वाचवण्यासाठी एजन्सीने पोर्टचा रकाना गाळला, तर दोन वर्षे जपलेला लॉग ऐनवेळी रद्दी ठरतो.

### ग्राहक अर्ज

आपल्याकडच्या अर्जांत मोबाइल क्रमांकापेक्षा नाव आणि पत्ता जास्त छळतात. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील सापडणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे दोन याद्या नावावरून कधीही जुळवू नयेत. नाव कोणत्या लिपीत घ्यायचे, ओळखपत्रावर आहे तसेच घ्यायचे की अर्जावर आहे तसे, वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात हवे का, हे सांगावे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात; नाहीतर 'माने' या आडनावाच्या जागी चिन्हांची रांग परत येते.

पत्त्यासाठी 'खुणेची जागा' हा वेगळा रकाना ठेवावा. 'पाण्याच्या टाकीमागे, मळा' हाच आपल्याकडे खरा पत्ता असतो आणि लाइनमनला तोच लागतो, पण रकाना नसेल तर एंट्री करणारा तो गाळून टाकतो. सांगलीचा पिन ४१६४१६ आणि मिरजेचा ४१६४१०, अशी आपल्या सर्व गावांची यादीच एजन्सीला द्यावी, म्हणजे गाव आणि पिन यांचा मेळ संगणकच तपासेल. तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने आणि महिना अक्षरांत मागावी; ०३/०४ हा तीन एप्रिल की चार मार्च, यावर बिलाची तारीख अवलंबून असते.

सावधान: न वाचता आलेला मजकूर अंदाजाने भरू नये, तेथे 'अवाच्य' असे लिहावे, ही ओळ ठळक अक्षरांत असावी. अंदाजाने भरलेला मोबाइल क्रमांक दिसायला बरोबर असतो, म्हणूनच तो सापडत नाही.

## ५. उत्तरे माहीत असलेला नमुना तयार करावा

एजन्सी निवडण्याआधी आपल्याच माणसाने हाताने सोडवलेला एक छोटा नमुना तयार असावा: शंभर अर्ज आणि वीस ग्राहकांच्या एका महिन्याच्या वापर-नोंदी. वीस ग्राहक सरसकट उचलू नयेत. त्यांत ४ जीबीचा टप्पा अनेकदा ओलांडणारा एक, महिन्याची मध्यरात्र ओलांडणारा एक, शेवटाची नोंद नसलेला एक, दुबार नोंदींचा एक आणि महिनाभर काहीच न वापरलेला एक असावा. शून्य वापराचा ग्राहक अहवालातून गायबच होतो आणि मग त्याचे बिलही निघत नाही, हा अनुभव अनेकांना आहे.

हा नमुना वर्णनपत्रासह दोन-तीन एजन्सींना द्यावा, उत्तरे अर्थातच न देता. कोणाची उत्तरे बरोबर आली याहून कोणी प्रश्न विचारले, हे मी जास्त पाहतो. शेवटाची नोंद नसलेल्या सेशनबद्दल जिने फोन करून विचारले, ती एजन्सी पुढे त्रास देत नाही.

## ६. आता दर आणि करार

दर 'प्रति नोंद' असेल तर नोंद म्हणजे काय हे लिहावे. एक अर्ज ही एक नोंद, की अर्जातील प्रत्येक रकाना? दुरुस्तीसाठी परत पाठवलेला अर्ज पुन्हा मोजला जाणार का? 'अवाच्य' नोंदीचे पैसे द्यायचे का? माझ्या मते द्यावेत, कारण न दिल्यास अंदाजाने भरण्याला आपणच उत्तेजन देतो.

करारात पुढील कलमे नसतील तर सही करू नये: डेटाचा वापर फक्त ठरलेल्या कामासाठी, साठवण आणि प्रक्रिया फक्त भारतात, लेखी परवानगीशिवाय काम तिसऱ्याला न देणे, काम करणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकाचे वेगळे लॉगिन, घरच्या संगणकावर किंवा वैयक्तिक मोबाइलवर फाइल न नेणे, कोणी कोणती फाइल उघडली याचा लॉग आणि तो पाहण्याचा आपला हक्क, डेटा फुटल्याचा नुसता संशय आला तरी दोन तासांत आपल्याला कळवणे, चुकांची मर्यादा आणि ती ओलांडल्यास स्वखर्चाने दुरुस्ती, काम संपल्यावर खुल्या स्वरूपात डेटा परत करणे आणि प्रती नष्ट करणे. पैसे फाइल मिळाल्यावर नव्हे, तपासणीत ती स्वीकारल्यावर मिळतील, हेही त्यात यावे.

दोन तासांची अट कडक वाटते, पण सर्ट-इनला सायबर घटना कळवण्याची मुदत ती लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे. एजन्सीने दुसऱ्या दिवशी सांगितले तर आपली मुदत कोणत्या तासापासून धरायची, यावर नंतर हुज्जत घालत बसावे लागते.

जागेची पाहणीही करारापूर्वीच करावी. कागदी अर्ज एजन्सीकडे जाणार असतील तर ते कोणत्या मजल्यावर राहतील हे विचारावे. ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला याचे कारण सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट धरली जाते आणि त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते. मूळ अर्ज शक्यतो बाहेर देऊच नयेत, स्कॅन द्यावेत. द्यावेच लागले तर जुलै-ऑगस्ट टाळावा.

## ७. फाइल पाठवणे

येथे शिस्त थोडीच आहे, पण ती रोज पाळावी लागते. फाइल सीएसव्ही स्वरूपात आणि यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरे टिकवणाऱ्या संकेतात) काढावी, कूटबद्ध करावी, एसएफटीपीने (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवावी आणि तिचा पासवर्ड वेगळ्या मार्गाने, म्हणजे फोनवर, सांगावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवू नये. ती कोणाकोणाच्या मोबाइलच्या गॅलरीत आणि बॅकअपमध्ये जाऊन बसते हे सांगता येत नाही.

प्रत्येक फाइलसोबत एक ताळापत्रक जावे. त्यात नोंदींची संख्या, इनपुट आणि आउटपुट बाइटची सरळ बेरीज, सर्वांत जुनी व सर्वांत नवी वेळ आणि फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी बदलणारा सांकेतिक आकडा) एवढे असले की पुरे. ही बेरीज बिलाच्या उपयोगाची नसते. फाइल वाटेत तुटली नाही एवढेच ती सांगते.

सावधान: फाइल पाठवण्यापूर्वी 'एकदा बघून घेऊ' म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. पाच हजार ग्राहक आणि दर १० मिनिटांची नोंद धरली तर दिवसाला ७,२०,००० ओळी होतात. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळीच, म्हणजे दोन दिवसांच्याही पूर्ण नाहीत, मावतात आणि सेव्ह केल्यावर उरलेल्या जातात. शिवाय '८१ई०००१२' असा सेशन आयडी एक्सेलला वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेला आकडा वाटतो आणि तो ८.१ई+१३ होऊन बसतो. मधे 'ई' असलेले आणि बाकी सगळे अंकच असलेले असे आयडी थोडेच असतात, त्यामुळे फाइल वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. पाहायचेच असेल तर प्रत काढून पाहावी.

## ८. एक महिना दोन्हीकडे हिशेब करावा

पहिल्या महिन्यात जुनी पद्धत बंद करू नये. आपल्या कार्यालयाचा हिशेब आणि एजन्सीचा हिशेब शेजारी शेजारी ठेवावा आणि ग्राहकनिहाय फरक काढावा. एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नये, कारण एकाचा जास्त आणि दुसऱ्याचा कमी मिळून बेरीज बरोबर येऊ शकते. सर्वांत मोठा फरक असलेले वीस ग्राहक घेऊन प्रत्येकाचे कारण शोधावे आणि ते वर्णनपत्रात नवे वाक्य म्हणून घालावे. या महिन्याची बिले आपल्याच हिशेबाने काढावीत. दुप्पट काम होते हे खरे. चुकीच्या बिलावरून दारात आलेल्या चाळीस माणसांना उत्तरे देण्यापेक्षा ते कमीच पडते.

## ९. दर महिन्याची स्वीकृती

काम सुरळीत चालू झाले की तपासणी ढिली पडते, म्हणून ती अर्ध्या तासात होईल एवढीच ठेवावी, पण चुकवू नये. क्रम असा असावा: ताळापत्रक जुळते का, पाठवलेले आणि परत आलेले ग्राहक तेवढेच आहेत का, शून्य वापराचे किती आणि मागील महिन्यात किती होते, सर्वाधिक वापराचे दहा ग्राहक ओळखीचे वाटतात का, कोणाचा आकडा त्याच्या प्लॅनच्या वेगाने महिनाभरात शक्यच नाही इतका मोठा आहे का. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर तीस दिवस अखंड डाउनलोड केले तरी सुमारे ३२,४०० जीबीच्या वर जाता येत नाही, तेव्हा त्याहून मोठा आकडा दिसला की फाइल तशीच परत करावी.

अर्जांसाठी सोडतीने काढलेले पन्नास अर्ज मूळ स्कॅनशी ताडून पाहावेत. पहिले पन्नास घेऊ नयेत. पहिले पन्नास नेहमी चांगलेच असतात.

## १०. माहिती फुटली तर

कोण कोणाला कळवणार याचा अर्ध्या पानाचा कागद आधीच तयार असावा आणि भिंतीवर लागलेला असावा. एजन्सीचा फोन आल्याची वेळ लिहावी, तिला दिलेला प्रवेश बंद करावा, लॉग आहेत तसे जपावेत आणि सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवावे. नव्या नियमांखालील कर्तव्ये लागू झाल्यावर डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित ग्राहकांनाही विनाविलंब कळवावे लागेल, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावी लागेल. घाबरून सर्व्हर पुसून नव्याने बसवण्याची चूक या वेळी हमखास होते. तसे केले की काय गेले आणि कसे गेले हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

## ११. काम थांबवताना

करार संपला किंवा एजन्सी बदलली की आधी आपल्याकडे सर्व काही परत आले आहे याची खात्री करावी आणि नंतर नाश करण्यास सांगावे. हा क्रम उलटा झाला तर दोन वर्षांच्या जतनाची अट मोडली जाते. परत आलेला लॉग नुसता मोजू नये. त्यातील दीड वर्षापूर्वीचा एखादा दिवस निवडून, एक सार्वजनिक आयपी, पोर्ट आणि वेळ देऊन, ग्राहक खरोखर सापडतो का हे पाहावे.

त्यानंतर एजन्सीचे लॉगिन, एसएफटीपी खाते आणि कूटबद्धतेचे पासवर्ड बदलावेत. बॅकअपसह सर्व प्रती नष्ट केल्याचे सहीचे पत्र घ्यावे आणि त्यात तारीख, यंत्रांची यादी व काम करणाऱ्यांची नावे असावीत. शेवटच्या बिलाचे पैसे हे पत्र हातात आल्यावर द्यावेत, आणि खुणेच्या नोंदींतील सिमकार्डे पुढचे वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवावीत.